वरच्या खोलीची खिडकी

आमच्या घरात हे कुणालाच माहीत नाही. नवऱ्याला वाटतं, आईलाच इथली थंडी नको होती, म्हणून ती राहायला आली नाही. मी त्याला तसं वाटू दिलं. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीट कळत नाही.

मी आयर्लंडमध्ये, लेटरकेनीला हॉस्पिटलात डॉक्टर आहे. गावाबाहेर आमचं बैठं घर आहे, झोपायच्या खोल्या दोनच. बाबा गेल्यावर आई नागपूरला एकटी पडली, तेव्हा माळ्यावर तिच्यासाठी खोली काढायचं ठरलं. इथे माळ्यावर झोपायची खोली करायची तर आग लागल्यावर बाहेर पडता येईल अशी खिडकी लागते — किल्लीशिवाय उघडणारी, माणूस निघेल एवढी, जमिनीपासून फार उंच नसलेली. आर्किटेक्ट बाईंनी ती कमरेच्या उंचीवर आखली. "ग्रँड," त्या म्हणाल्या, म्हणजे इकडच्या बोलीत झकास. आई आरामात निघाली असती.

खोट माझ्यात होती. आई मुलींच्या शाळेत पी.टी.ची शिक्षिका होती. रिटायर झाली तरी शिट्टी तोंडातच. ती घरात असली की मी चाळिशीतही रांगेत उभी. कणीक सैल, मुलगी लाडावलेली, तुझं पोट सुटलंय — खरंच असायचं सगळं, तेच तर सहन व्हायचं नाही. आणि आता ती कायमची येणार होती. नको म्हणायची हिंमत होती का? नव्हती. मग मी खिडकी पुढे केली. फोनवर सांगितलं, "आई, इथे नियम फार कडक. वर झोपणाऱ्याला खिडकीतून स्वतः बाहेर पडता आलं पाहिजे. तुझ्या वयाला परवानगी मिळायची नाही."

वयाचा असा काही नियम नाही.

"काहून नाही मिळणार?" एवढंच ती म्हणाली. मला वाटलं, सुटले.

काही दिवसांनी व्हिडिओ आला, शेजारच्या काकूंनी काढलेला. आईच्या खोलीची खिडकी — आणि तिला ग्रिल नाही! चोरांच्या भीतीनं बाबांनी बसवलेलं ग्रिल तिनं माणूस बोलावून कापून काढलं होतं. ओढणी कमरेला खोचून ती खिडकीत चढली, पाय पलीकडे टाकले, मागच्या अंगणात उतरली आणि दम खात म्हणाली, "हा दाखव तुझ्या साहेबाले. रोज करते मी."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं, नाही का? मी तो व्हिडिओ ड्यूटीरूममध्ये पुन्हा पुन्हा पाहिला. हसू आलं, रडूही आलं — आणि संध्याकाळी फोन करून सांगितलं, दाखवला, पण ते नाहीच म्हणाले.

आईनं वाद घातला नाही. जन्मभर मुलींना नियम शिकवलेली बाई. उलट कॉलनीभर सांगत सुटली, म्हाताऱ्यांची किती काळजी घेतात त्या देशात! वरची खोली झाली. तिथे मी अभ्यास करते, म्हणजे बहुतेक वेळा दार लावून चहा पिते. आईला तिथून व्हिडिओ कॉल मी कधीच केला नाही.

यंदा तिचे गुडघे गेले. काठीशिवाय चालवत नाही. आणि आता मला ती इथे हवीय — मनापासून हवीय. परवा म्हटलं, "आई, नियम सैल झालाय. ये तू, हात धरून वर नेऊ." खरं सांगायची आयती वेळ होती, आणि मी जुन्या थापांवर आणखी एक रचली.

ती म्हणाली, "नको बाई. तेव्हा जमत होतं मला. आता आग लागली तर मी काही त्या खिडकीतून निघत नाही, अन् तू मला सोडून निघायची नाहीस. लेक लहान आहे तुझी. बरोबरच होता त्यांचा नियम."

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.