आईचं फडकं आणि डोकं झटकणारे उंदीर

पारमिताला कुणी हेकट म्हटलं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगतो. बेळगावातल्या एका प्रयोगशाळेत मी स्टोअर सांभाळतो, ती उंदीर सांभाळते. आईनं निपाणीत विड्या वळून तिला बी.एस्सी. केलं.

आमच्याकडं भास घडवणाऱ्या एका अळंबीतलं द्रव्य उदासीच्या आजारावर चालेल का, हे माणसाआधी उंदरांवर तपासत होते. निम्म्यांना औषध टोचायचं, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. दुसऱ्या दिवशी पाण्यात सोडायचं. जो पोहायचं लवकर सोडतो तो खचलेला. कुणाला काय टोचलंय ते पारमिताला सांगत नसत. पण औषधवाला उंदीर सारखं डोकं झटकतो, ते न सांगताही दिसायचं.

निकाल झकास आला. औषधवाले उंदीर दमेचनात. प्रयोग चालवणाऱ्या सरांनी पेढे आणले. पारमितानं पेढ्याला हात लावला नाही.

"सर, ह्यो निकाल खरा न्हाय. डोकं झटकणाऱ्यांची मला लई कीव यायची. त्यास्नी तेवढं मी आईच्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतलंय."

विड्या वळताना आई मांडीवर पसरायची तेच ते फडकं. कितीही धुतलं तरी त्यातली तंबाखू जात नाही. मिठाच्या पाण्यावाल्यांना ना तो वास मिळाला, ना ती ऊब.

सर हसले. "अगं, फडक्यानं काय होतंय? गुरुवारी बेंगळूरला निकाल मांडायचाय. सही कर."

"न्हाय करणार."

"नोकरी नको झालीय का?"

"माझा भाऊ ह्याच उदासीनं चार वर्सं हातरुणावर हाय, सर. एक गोळी लागू पडंना. ह्या औषधाची माझ्याएवढी वाट हितं कोण बघत न्हाय. म्हणून खोटं चालायचं न्हाय."

तिनं रजिस्टर ओढलं, लिहिलं, 'चूक माझी. प्रयोग पुन्हा करावा,' आणि त्याखाली ठसठशीत सही केली. सर बडबडत राहिले. मला अभिमानानं भरून आलं. गुरुवारी बेंगळूरला कुणी गेलं नाही.

रविवारी मी तिच्यासोबत निपाणीला गेलो. तिचा भाऊ भीमरत्न भिंतीकडं तोंड करून पडला होता.

"आक्का, औषध लागू पडलं व्हय?"

ती त्याच्या उशाशी बसली. मग म्हणाली, "म्हाईत न्हाय रं. माझ्याकडनं चूक झाली. उद्यापासनं परत पहिल्यापासनं."

 तो हळूहळू या कुशीवर वळला आणि तिच्याकडं बघून म्हणाला, "मग उद्या पहिल्या गाडीनं जा."