सायनात्सालोची षष्ठी

डोळे मिटले तरी उजेड मिटत नाही. फिनलंडमधली ज्येष्ठातली दुपार आहे. सायनात्सालो नावाच्या बेटावर, तळ्याकाठच्या पाहुणघरात मी आडवा झालो आहे आणि पापण्यांच्या आत तांबूस प्रकाश तसाच उभा आहे. शेजारी, याच देशात स्थायिक झालेली माझी लेक ऋता भांडी आवरते आहे. त्या आवाजाचा धागा धरून मी हळूहळू खाली उतरतो. धागा कुठे सुटतो ते कळत नाही.

"चला, वर जाऊ," कालिंदी म्हणते.

कालिंदी माझी पत्नी. तिला जाऊन आता वर्ष होते आहे. मिरजेत मुलींच्या शाळेत ती चित्रकला शिकवीत असे. पदरावर खडूची धूळ अजून आहे. ती दिसली याचे मला आश्चर्य वाटत नाही. आनंदही होत नाही. वर्षभर मला काहीच होत नाही. दंतवैद्याने सुई टोचलेल्या हिरडीसारखे सारे आहे. जीभ लावली तर दात तिथे आहे एवढे कळते.

आम्ही विटांच्या जिन्यात उभे आहोत. आल्व्हार आल्टो या थोर स्थपतीने बांधलेले हे नगरगृह मी सकाळीच पाहिले. शनिवार-रविवार त्याच्या वास्तू पाहण्यात घालवायचा बेत ऋताने मुळात आईसाठी आखला होता. कालिंदीच्या वर्गात या वास्तूचे एक छायाचित्र वर्षानुवर्षे भिंतीवर होते.

"सकाळी आला होतात ना इथे?" ती विचारते.

"आलो होतो."

"मग सांगा, या भिंतीवर उजेड कुठून येतो?"

"मी घड्याळ पाहत होतो."

"तुमचं हे नेहमीचंच. लग्नात अंतरपाट धरला तेव्हाही घटिकापात्राकडे बघत होतात, माझ्याकडे नाही."

"घटिका बुडाली की नाही, ते कुणीतरी पाहायला हवे."

"बुडाली हो. संसार झाला, मीही गेले. आता तरी वर बघा."

मी वर बघतो. माथ्याशी खिडक्यांची अरुंद पट्टी आहे. तिथून उजेड विटांच्या कडांवरून पायरी पायरीने उतरतो आहे. विटा एका रेषेत नाहीत. काही किंचित पुढे आल्या आहेत, काही तिरप्या बसल्या आहेत.

"गवंड्याचा हात चुकला असावा," मी म्हणतो.

"चुकला कसला! मुद्दाम केलंय ते. गुळगुळीत भिंतीवरून उजेड घसरून जातो. इथे अडतो, म्हणून दिसतो."

भिंतीलगत शाळेची बाके आहेत. मुली माना खाली घालून विटांची चित्रे काढीत आहेत, आणि पेन्सिलींचा आवाज म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात तांदूळ निवडण्याचा आवाज आहे. कालिंदी पाटावर बसली आहे. समोर जमीन मोकळी आहे.

"माझं पान कुठे आहे?"

"उद्या," मी समजावतो. "वद्य षष्ठी उद्या, रविवारी. अपराह्णी, म्हणजे दुपार उतरताना जी तिथी असते, ती श्राद्धाची. मी पंचांग पाहिले आहे."

"कुठलं पंचांग?"

"आपलेच. मिरजेचे."

"आणि हे ऊन कुठलं?"

शास्त्र मला मुखोद्गत आहे. श्राद्ध करणारा जिथे उभा असेल, तिथलाच सूर्य त्याने मानावा. मिरजेत आज षष्ठी लागण्याआधीच अपराह्ण सरतो. इथे दिवस लांबतो, तसा अपराह्णही लांबतो आणि षष्ठीत शिरतो. उद्या इथली तीच वेळ येईतो षष्ठी संपलेली असेल. हे मी विद्यार्थ्यांना आयुष्यभर शिकवले. स्वतःवर आले तेव्हा सुचले नाही. मी मिरज सोडून इथे आलो आहे, हेच मला कधी सुचलेले नाही.

"वर्षश्राद्ध, आणि मी उपाशी," ती म्हणते. आमटीत मीठ नाही हे सांगावे, तसे सांगते. "तुम्ही अजून मिरजेतच बसला आहात. मी तिथे नाही हो."

"मग कुठे आहेस?"

पाट तळ्याकाठी आहे. पाणी त्याला लागून परत जाते आहे. तिचा हात माझ्या हातात आहे. ऊनही नाही, गारही नाही. शेवटी फार दुखले का, हे मला विचारायचे आहे. तोंडून निघते ते निराळेच.

"भात मऊच लागतो ना तुला?"

"मऊच." ती हसते. "आणि धावपळ करू नका. ऊन आहे अजून."

"बाबा, चहा ठेवू?"

दारात ऋता उभी आहे. खिडकीबाहेर सूर्य पाइनच्या झाडांच्या बराच वर आहे.

"भात आहे का?"

"सकाळचा आहे डब्यात, साधा. का?"

"आईची तिथी आज आहे, उद्या नाही. मी चुकीच्या गावचा सूर्य धरला होता."

"अहो बाबा, सगळं सामान माझ्या घरी आहे, उद्या सकाळी परतणारच होतो. इथे तीळसुद्धा नाहीत. म्हणजे आहेत, पण पावावरचे."

"काळे?"

"पांढरे."

"चालतील. पावावरून खरवडून घे."

तिला हसू फुटते आणि मध्येच अडते. "आई म्हणाली असती, अखेर शास्त्रीबुवांना पाव चालला म्हणायचा." मग ती वाकते. "तुमच्या बोटात काय आहे ते?"

मी हात उचलतो. उजव्या अनामिकेत हिरव्या गवताचे कडे आहे. श्राद्धाला दर्भाचे पवित्रक घालतात ते याच बोटात. हा दर्भ नव्हे, इथलेच रुंद पात्यांचे गवत आहे, अजून ओलसर. जन्मभर मी पवित्रके वळली. ही गाठ माझ्या हातची नाही. गजऱ्याच्या दोऱ्याला बायका मारतात तशी ती दुहेरी आहे, घट्ट, आणि उरलेली टोके नखाने खुडलेली आहेत. तिच्याखाली बोट आवळते आहे. किंचित दुखते आहे.