माहेरचे टायर

माहेरच्या दुकानात पक्कं बिल मागत नाहीत. असं कुठे लिहिलेलं नाही, पण पांढुर्ण्यात वाढलेल्या कुठल्याही बाईला विचारून पाहा. दुकानदार आपल्याला ताई म्हणतो, आपल्या वडिलांना तो लहानपणापासून काका म्हणत आलेला असतो, आणि अशा माणसाकडे बिल मागणं म्हणजे तुझ्यावर माझा भरवसा नाही असं तोंडावर सांगणं. मी पंचवीस वर्षं शाळेत मुलांना उत्तर तपासल्याशिवाय वही देऊ नका म्हणून ओरडत आले आणि गाडीचे चार टायर मात्र न तपासता घेऊन आले. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

माझं सासर सौंसरचं आणि शाळा पांढुर्ण्याची. रोज गाडीने जाते-येते, गाडी मीच चालवते. शाळेतल्या दोन मॅडम सोबत असतात. जुने टायर गुळगुळीत झाले तेव्हा मी सरळ दादाच्या मित्राच्या दुकानात गेले. दादा आणि तो एका बाकावर शिकलेले. त्याने चहा मागवला, दुकानामागेच घर, तिथून बायकोला हाक मारली. "गावची लेक पयल्यांदा दुकानात आली, रिकाम्या हातानं कशी जाईल?" त्या वहिनींनी मला कुंकू लावलं, ओटीत नारळ आणि ब्लाउजपीस घातला. मी विरघळले. टायर चढत होते तिकडे मी पाहिलंसुद्धा नाही.

चार महिन्यांनी एका टायरची हवा सारखी उतरायला लागली. सौंसरच्या पंक्चरवाल्या काकांनी चाक काढलं, फिरवलं आणि एका जागी बोट टेकवलं.

"मॅडम, हे टायर कोठून घेतले?"

"पांढुर्ण्याहून. नवे आहेत."

"नवे कायचे? हे पाहा."

टायरच्या आतल्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला होता. काकांनी ओल्या फडक्याने टायर पुसला आणि रबरावर उमटवलेले चार आकडे दाखवले. "पयले दोन आकडे म्हंजे आठवडा अन् मांगचे दोन म्हंजे साल. टायर कवा बनला ते यातच लिवलेलं रायते." साल सहा वर्षांपूर्वीचं होतं. मग त्यांनी बाकीची तिन्ही चाकं उतरवली. त्यांचंही साल तेच, आणि खाचांमध्ये केसासारखे बारीक तडे. चारही टायर आकड्यांची बाजू आत करून बसवलेले, म्हणजे गाडीखाली घुसल्याशिवाय कोणाला दिसूच नये.

"फुटला तं गाडी कोठं जाईल, मले नाई सांगता येत," काका म्हणाले.

मला आधी घाम फुटला. संत्र्याच्या हंगामात त्या रस्त्यावर ट्रकांची रांग असते, आणि त्या ट्रकांच्या शेजारून मी चार महिने दोन बायकांना घेऊन हसत-बोलत जात होते. एकीला दीड वर्षाचं मूल आहे. मग राग आला. राग आला की माझं डोकं बरं चालतं.

दोघींना बसने यायला सांगितलं. शनिवारी अर्धी शाळा करून, स्टेपनी लावलेली गाडी हळूहळू चालवत मी दुकानात गेले. फुगलेला टायर डिक्कीत होता. पुन्हा चहा आला. दुकानदाराने टायरकडे दुरूनच पाहिलं.

"खड्ड्यात आदळली असन गाडी, ताई."

"आणि साल? तेही खड्ड्यात आदळलं का?"

तो हसला. "टायर म्हंजे काय दूध हाये का नासाले? गोदामात पडून होता, रस्त्यावर थोडीच चालला! एक काम करतो, आतून गेटर टाकून देतो."

गेटर म्हणजे टायरला आतून चिकटवायचं ठिगळ. नव्या म्हणून विकलेल्या टायरला ठिगळ! मी म्हटलं, चारही बदलून द्या. त्यावर त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "बिल हाये का तुमच्यापाशी?"

ते ऐकून माझ्या कानशिलांत आग झाली. हातात नारळ देऊन बिल गिळणारा माणूस आता मलाच बिल विचारत होता. मी काही बोलणार तेवढ्यात त्याने आतून एक साडी मागवली, प्लास्टिकच्या पिशवीसकट माझ्यापुढे ठेवली. "माहेरची साडी समजा अन् विषय मिटवा. दादासंगं बोलून घेतो मी."

"साडी नेसून गाडी चालत नाही, भाऊ. आणि टायर दादाने नाही, मी घेतलेत. मला चार टायर पाहिजेत, यंदाच्या सालाचे."

"हे कसं होईन, ताई?"

ते कसं होईल हे मलाही माहीत नव्हतं. पण रिकाम्या हाताने परतायचं नाही एवढं पक्कं होतं. मी डिक्कीतून टायर काढला, घरंगळत आणून दुकानाच्या पायरीजवळ आडवा टाकला आणि त्यावर बसले. पर्समध्ये लाल पेन होतं, पिशवीत सहावीच्या पेपरांचा गठ्ठा होता. तपासायला सुरुवात केली.

पांढुर्ण्यात पंचवीस वर्षं शिकवलेली बाई रस्त्यात टायरवर बसली, तर येणारा-जाणारा थांबणारच. पहिला थांबला तो माझाच जुना विद्यार्थी, मोटरसायकलचा टायर घ्यायला आलेला.

"मॅडम, तुमी इथं कायले बसून राहिल्या?"

मी सांगितलं. मुद्दाम मोठ्याने सांगितलं. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज देवाने दिलाय, तो अशा वेळी वापरायचा नाही तर कधी? चार आकडे कुठे असतात, कसे वाचायचे, बसवताना ते आत का ढकलतात, सगळं सांगितलं. त्याने दुकानातून एक टायर घेऊन फिरवला, बोट ठेवून वाचला आणि दुकानदाराला म्हणाला, "भाऊ, हा तं तीन साल जुना हाये." टायर ठेवून तो निघून गेला. त्याच्या मागोमाग एक कापसाचा शेतकरी आला, पिकअपचे टायर पाहायला. त्यालाही शिकवलं. शाळेत महिनाभर घोकूनही मुलांना दशमान अपूर्णांक येत नाहीत, पण हा धडा लोकांना दोन मिनिटांत येत होता. तासाभरात दुकानासमोर माणसं टायर उलटेपालटे करत उभी होती.

दुकानदाराने दादाला फोन लावला. दादा स्कूटरवर आला, खाली मान घालून.

"चाल घरी. लोक पाहून राहिले."

"पाहू दे."

"गावच्या लेकीनं असं बजारात बसू नाई."

हे मात्र लागलं. दुकानदाराचं काहीच लागलं नव्हतं, पण दादाचं लागलं. लेक म्हणून ओटी भरायची आणि लेक म्हणूनच गप्प बसवायचं, हा कुठला न्याय? लग्नाला तीस वर्षं झाली, शाळेबाहेर या गावात मी कधी आवाज चढवला नव्हता. माझे डोळे भरून आले आणि त्याचाही मला राग आला.

"दादा," मी उठून उभी राहिले, "मांगच्या शनिवारी वहिनीले अन् तुह्या पोराइले घेऊन मी जामसांवलीच्या मारुतीले गेली होती. याच टायरावर. हात लावून पाय."

तो वाकला. फुग्यावर त्याने बोटं ठेवली, दाबून पाहिलं आणि हात झटकन मागे घेतला. दुकानदार त्याच्या तोंडाकडे पाहत होता, की आता हा बहिणीला समजावेल. दादा समजावण्याच्या भानगडीत पडला नाही. माझी बाजूही घेतली नाही त्याने. स्कूटरला टेकून तो रस्त्याकडे पाहत उभा राहिला, पण घरी चल असं पुन्हा म्हणाला नाही.

दहा मिनिटांनी दुकानदाराने टायर चढवणाऱ्या माणसाला हाक मारली. चार टायर आले. प्रत्येकाचं साल मी वाचलं, आकडे बाहेर ठेवून बसवायला लावले. पक्कं बिल मागितलं. कुणाच्या नावाने फाडू, दादाच्या की जावईबापूंच्या, असं त्याने विचारलं, तेव्हा माझं नाव मीच त्याच्या पेनाने लिहिलं. त्याच्या बायकोने खिडकीतून मला पाहिलं आणि पडदा ओढला. ती बाई चांगली आहे, तिचं वाईट वाटलं. पण तिच्या कुंकवासाठी मी दोघींना ट्रकाखाली घालणार नव्हते.

त्यानंतर दादाचा आठवडाभर फोन नाही. मीही केला नाही. सोमवारपासून दोन्ही मॅडम पुन्हा गाडीत बसायला लागल्या.

मग एका रविवारी त्याचा फोन आला. तब्येत झाली, हवापाणी झालं, संत्र्याचा भाव झाला. मग मुद्दा आला.

"माह्या कारचे टायर बी पाह्यले मी. खाली घुसून."

"मग?"

"चारई जुने. तुह्याहून बी जुने."

"बिल?"

"दोस्ताकडून कोनी बिल घेते काय?"

मी हसले नाही. फार कष्ट पडले, पण हसले नाही.

"येत्या शनिवारी तुही शाळा सुटली," दादा हळूच म्हणाला, "की येशील का माह्यासंगं दुकानात?"

"येईन," मी म्हटलं. "पण बोलशील तू."