वैलावरचं माडगं

धायरीच्या मथुराबाईला शिसारी फार लवकर यायची. परक्या घरी पाणी पिण्याआधी ती तांब्या उजेडाकडे धरून आत डोकवायची. लग्नाच्या पंगतीत आमटीचा वास घ्यायची आणि तो पटला नाही तर नुसत्या भाताला मीठ लावून खाऊन उठायची. यजमानीण कितीही हिरमुसली तरी हिला त्याचं सोयरसुतक नसायचं. "नाक घरी ठिवून येत जा गं पंगतीला," असं तिचा नवरा गेनबा लग्न झाल्यापासून म्हणत आला होता.

एवढ्या नाकाची बाई, पण स्वतः रांधायची ते अगदी साधं. भाकरी, पातळ कालवण, कधी कढी-भात. आश्विन लागला की दिवसा अंग भाजून काढणारं ऊन आणि पहाटे गारठा. त्या दिवसांत घरातलं कोणी ना कोणी तापानं आडवं व्हायचंच, आणि मग मथुराबाई हुलग्याचं माडगं करायची. भाजलेल्या हुलग्याचं पीठ पाण्यात कालवायचं, लसूण-जिरं ठेचून घालायचं, मीठ टाकायचं आणि पातेलं वैलावर ठेवून द्यायचं. वैल म्हणजे चुलीचं बाजूचं लहान तोंड. तिथे जाळ नसतो, नुसती धग असते. आजाऱ्यानं वाटीभर पिऊन घाम पुसला की घरातले धट्टेकट्टेही आपापली वाटी घेऊन चुलीपाशी येऊन टेकायचे. तिचा लेक संपत तर ठणठणीत बरा असतानाही "आये, कपाळ बघ, तापलंय," म्हणून पुढे सरकायचा.

तोच संपत मोठा झाला आणि त्याच्या डोक्यात धंदा शिरला. गावची शेतं एव्हाना इमारतींखाली गेली होती. रस्त्याकडेचा एक तुकडा उरला होता, त्यावर त्यानं हॉटेल काढलं आणि नाव दिलं, 'मथुराआईचं चुलीवरचं'. सिंहगडावरून परतणारी पुण्याची मंडळी तिथे थांबतील असा त्याचा अंदाज होता, आणि तो चुकला नाही.

आपलं नाव लागतंय म्हटल्यावर मथुराबाईला बरं वाटलं. ते बरं वाटणं उद्घाटनापर्यंतही टिकलं नाही. परसातली तिची चूल, तिनं स्वतःच्या हातानं माती मळून घातलेली, दर दसऱ्याला सारवलेली, ती संपतनं गवंड्याकडून बुडासकट उचलवली आणि हॉटेलच्या दारात सिमेंटमध्ये बसवली. शेजारी पाट मांडला. त्या पाटावर आईनं बसायचं. हिरवं नऊवारी, कपाळभर कुंकू आणि नाकात नथ.

"नथ लग्नात घातली हुती म्या. तवाबी टोचलीच हुती," मथुराबाई म्हणाली.

"आये, तू नुसतं बसायचं आन् ढवळायचं. बाकी समदं आत बजरंग बघतोय."

बजरंग म्हणजे आचारी. तो मागच्या बाजूला गॅसच्या शेगड्यांवर सगळं रांधायचा. पुढच्या चुलीत ओली लाकडं घालायची, कारण धूर रस्त्यावरून दिसला पाहिजे, असा संपतचा हुकूम होता. पहिल्या दिवशी मथुराबाईनं चुलीवरच्या मोठ्या हंड्यात पळी फिरवली, सवयीनं थेंबभर तळहातावर घेऊन चाटला आणि तिथेच थुंकली. हंड्यात लाल रंगाचं पाणी उकळत होतं. वर दोन शेवग्याच्या शेंगा तरंगत होत्या, दिसायला. मिठाचा कणही नव्हता.

"ह्ये काय हाय रं?"

"डेकोरेशन हाय, आये."

त्या पाण्याची तिला इतकी घाण वाटली की घरी जाऊन तिनं हात राखेनं घासले. पण लेकाचा धंदा नवा, सून शालू दिवसभर गल्ल्यावर राबतेय, आपण खोडा घालू नये, असं तिनं स्वतःला बजावलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटावर जाऊन बसली. गिऱ्हाइकं यायची, तिच्या खांद्याला खांदा लावून फोटो काढायची, सेंटचा भपकारा तिच्या नाकात सोडून निघून जायची. कोणी म्हणायचं, "आजी, जरा फुंकणीनं फुंका ना." आजी फुंकायची. डोळ्यांत धूर गेला की बाकीच्यांना आणखी आवडायचं.

त्यात तो फोटो. दारावरच्या बोर्डावर मथुराबाईचा भला मोठा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'आईचा आशीर्वाद'. फ्लेक्सवाल्यानं कोणाच्या तरी दशक्रियेच्या बॅनरचा साचा तसाच उचलला असावा. कडेला समई तेवत होती आणि डोक्यामागे उजेडाचं वलय होतं. संपतला त्यात काही खटकलं नाही. उलट बोर्ड मोकळा दिसतो म्हणून त्यानं वरून झेंडूचा प्लास्टिकचा हार लटकवला. रोज बोहनीच्या आधी तो त्या फोटोला उदबत्ती ओवाळायचा, आणि खरी आई खाली चूल फुंकत असायची.

"जित्या मानसाच्या फोटूला हार घालतोस व्हय रं?"

"आये, तू पण ना! कोन बघतंय येवढं?"

लोक बघत होतेच. सदाशिव पेठेतले एक गृहस्थ जेवायला आले. त्यांनी आधी फोटोला भक्तिभावानं हात जोडले, मग चुलीकडे पाहिलं आणि दचकून बायकोला म्हणाले, "अगं, या तर इथेच आहेत!" बायको म्हणाली, "असू द्या, लवकर टेबल धरा." मथुराबाईनं ते ऐकलं आणि रंगाचं पाणी ढवळत राहिली.

आश्विन आला तसा गेनबा तापानं पडला. डॉक्टरांच्या गोळ्यांनी ताप उतरला, पण तोंडाची चव पार गेली. हॉटेलातून डबा यायचा. वर लाल तेलाचा बोटभर थर. गेनबा तो नुसता बघायचा आणि झाकण लावायचा. घरी गॅस होता, पण दुपार कलली की मथुराबाईला पाटावरून हलायची सोय नव्हती. म्हणून तिनं एक युक्ती केली. हुलग्याच्या पिठाची पुरचुंडी पदरात बांधून आणली आणि त्या दिखाऊ चुलीच्या वैलावर, मोठ्या हंड्याच्या आडोशाला, लहान पातेल्यात माडगं शिजत ठेवलं. त्या दारात खरोखर शिजलेला तो पहिला पदार्थ. संध्याकाळी गेनबा दोन वाट्या प्यायला, कपाळाचा घाम पुसला आणि कूस बदलून गाढ झोपला. मथुराबाईला कितीतरी दिवसांनी आपण काही रांधलं असं वाटलं.

चार-पाच दिवस असे बरे गेले. मग लसणाचा वास गिऱ्हाइकांना लागला. कोणीतरी विचारलं, संपतनं वाटीभर काढून दिलं, त्या माणसानं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर खडूनं लिहिलेलं दिसलं, 'गावरान हुलगा सूप'. बजरंग आत कॉर्नफ्लॉवर कालवून त्यात चिमूटभर हुलग्याचं पीठ टाकायचा आणि वर लोण्याचा गोळा सोडायचा. मथुराबाईनं एकदा ती वाटी पाहिली. शेंबडासारखं ते गिळगिळीत पाणी बघून तिनं नाकाला पदर लावला.

शनिवारी हॉटेल खचाखच भरलं होतं. ऑफिसातल्या पोरापोरींचा एक घोळका दाराजवळच्या टेबलावर बसला होता. त्यांच्यापुढे बजरंगचं सूप आलं. एका मुलीनं चमचा तोंडात घातला आणि नाक मुरडलं. ते नाक मुरडणं मथुराबाईला अगदी आपलं वाटलं. मुलगी म्हणाली, "दादा, हे नको ना. आजींच्या तिथे शिजतंय ते द्या, त्याचा स्मेल कसला भारी आहे!"

"इकायचं न्हाई त्ये, बाई," मथुराबाई म्हणाली. "घरच्या आजारी मानसाचं हाय."

तेवढ्यात संपत धावत आला. "आहे ना मॅडम, देतो ना! स्पेशल आहे आपलं." तो खाली वाकला, त्यानं वैलावरचं पातेलं उचललं आणि आईच्या डोळ्यांदेखत सगळं माडगं वाट्यांमध्ये ओतलं. पळीनं बूडसुद्धा खरवडलं. वर लोणी सोडलं.

"आन् तुज्या बापाला?" मथुराबाईनं विचारलं.

"दादांना आतलं सूप पाठवतो की."

"त्ये प्यायचं न्हाईत त्ये."

"आये, ताप उतरल्यापास्नं त्यांच्या तोंडाला चव हाय कुठं? त्यांना काय कळतंय?" असं म्हणून तो हसला, वाट्या टेबलावर ठेवल्या आणि गिऱ्हाइकांना म्हणाला, "खास आईच्या हातचं आहे बरं का!"

मथुराबाई त्याच्याकडे बघत राहिली. आजवर तिला उष्ट्या तांब्याची किळस आली होती, शिळ्या आमटीची आली होती, रंगाच्या पाण्याची आली होती. पोटच्या पोराची येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं. ती आली, आणि दडपली नाही.

ती उठली. पदरानं मोठ्या हंड्याचे काठ धरले आणि ते लाल पाणी सगळंच्या सगळं पेटत्या चुलीत ओतलं.

फस्सकन राख उडाली, वाफेचा लोट छतापर्यंत गेला, शेवग्याच्या शेंगा निखाऱ्यांवर जाऊन पडल्या. लाल पाणी टेबलांखालून गिऱ्हाइकांच्या बुटांपर्यंत पोचलं. घोळक्यातल्या एकानं मोबाइल उचलला; त्याला हाही कार्यक्रमातलाच भाग वाटला. पण बजरंग आतून धावत आला तो उंबऱ्यातच थबकला. पेटत्या चुलीत पाणी ओतायचं नाही, हे गावातल्या लहान पोरींनाही सांगावं लागत नाही. घरातलं माणूस गेलं की त्या दिवशी चूल थंड असते, एरवी नाही.

"आये, ह्ये काय केलंस!" संपत ओरडला.

मथुराबाईनं नाकातली नथ काढून पाटावर ठेवली आणि बोर्डाकडे हात केला. "मला हार घातलायस. उदबत्ती लावतोस. म्हंजी मी मेल्याली हाय. मंग मेल्याल्या मानसाच्या दारात चूल कशी पेटती रं? सुतक पाळ."

बजरंगनं मागच्या शेगड्या एकेक करून बंद केल्या. कोणी सांगितलं नव्हतं, पण त्याचाही हात पुढे चालेना. शालू गल्ल्यावरून उठून उभी राहिली. गिऱ्हाइकं चुळबुळ करत उठू लागली, आणि संपत त्या पाण्यात उभा राहून वर फोटोकडे आणि खाली रिकाम्या पाटाकडे बघत राहिला.

घरी जाऊन मथुराबाईनं हात धुतले, डब्यातलं उरलेलं पीठ काढलं आणि गॅसवर माडगं केलं. माडग्याला गॅस चालतो. गॅसवरचं चुलीवरचं म्हणून विकलं तर तिला चालत नव्हतं, एवढंच.

गेनबा भिंतीला टेकून बसला आणि फुंकर मारून पिऊ लागला. पहिल्या घोटालाच म्हणाला, "आज लसूण जरा जास्त पडलाय गं." चव त्याला चांगली कळत होती. दारात चपला वाजल्या. संपत आणि शालू आले होते. संपतच्या हातात तो प्लास्टिकचा हार होता, काढून आणलेला, आणि तो कुठे ठेवावा हे त्याला कळत नव्हतं.

गेनबानं मान वर केली. "शनवारचं येवढ्या लवकर बंद केलं हाटेल? कोन गेलं का काय?"

संपतनं हार पाठीमागे लपवला.

"मी गेले," मथुराबाई म्हणाली. "तुमी घ्या अजून वाटीभर, गरम हाय तवर."