अर्धा बोल्ट घेऊन येणारी माणसं

अर्धा बोल्ट हातात घेऊन आलेला माणूस दुकानाच्या पायरीवरूनच सांगतो, "ताई, मी फक्त हात लावला अन् तुटला." राजुऱ्यात नटबोल्ट आणि पान्यांच्या काउंटरवर बसून मला वीस वर्षं झाली. या वीस वर्षांत एकाही माणसाने बोल्ट तोडलेला नाही. सगळे आपोआप तुटले!

नमुना म्हणून आणलेला तुकडा कोणी परत नेत नाही. मी तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकते. पहिला डबा भरला, आता दुसरा चालू आहे. तुकड्यांबरोबर किस्सेही साठतात, आणि त्यांना गिऱ्हाईक नाही म्हणून मी ते फुकट सांगते.

तुकडा बघितला की घरी काय झालं ते मला कळतं. डोक्याचे कोपरे घासून गोल झाले असतील तर पक्कड. मान पिळवटलेली असेल तर पान्याला पाइप लावून जोर केलेला. कडेला खोल खाचा असतील तर छन्नी-हातोडी, म्हणजे माणूस पार हातघाईवर आलेला. हे वाचायला मला सासऱ्यांनी शिकवलं. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. ते कोळशाच्या खाणीत फिटर होते. आता दुकानात आतल्या स्टुलावर बसतात, गिऱ्हाइकाचा तुकडा चष्म्याजवळ धरतात आणि एका वाक्यात त्याची इज्जत काढतात. छन्नीची खाच दिसली की ठरलेलं वाक्य, "छन्नी दगडाले असते, इंजनले नाई."

त्यांची एक हिरवी लोखंडी पेटी आहे. आत सगळे पाने मापाप्रमाणे, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेले. पेटीला कुलूप आणि चावी मामाजींच्या करदोड्याला. त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्या पेटीला हात लावायची परवानगी नाही. आमचे गुरुजी शाळेत विज्ञान शिकवतात आणि घरी इंजिनं दुरुस्त करतात. विज्ञान शाळेतच ठेवून येतात. आमच्या लग्नाच्या वर्षीच मामाजींनी माझ्यासमोर त्यांना अट घातली होती, "एक इंजन एकबी बोल्ट न तोडता खोलून दाखव. मंग पेटी तुही." तेव्हापासून गुरुजी इंजिनं खोलत आहेत आणि पेटी बंद आहे.

* * *

गुरुजींचा पहिला प्रयत्न स्वतःच्या गाडीवर झाला. ऑइल बदलायचं होतं. ऑइलचा बोल्ट इंजिनाच्या पोटाखाली असतो. खाली झोपून बघितलं तर डावीकडे फिरवला की सैल होतो. पण गुरुजींच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता. त्यांनी वरून वाकून हात घातला आणि वरून जे डावीकडे वाटलं तिकडे जोर लावला. म्हणजे आवळला.

अर्धा तास ते बोल्ट सैल करत होते आणि बोल्ट घट्ट होत होता. मी दोनदा म्हटलं, खाली झोपून बघा. त्यांनी ऐकलं नाही, बायकोचं ऐकून कोण झोपतं? शेवटी टणकन आवाज आला आणि ते आनंदाने म्हणाले, "बघ, सुटला!"

सुटलंच होतं. नुसतं डोकं.

मामाजींनी ते डोकं हातात घेतलं आणि विचारलं, "शाळेत पोरायले घड्याळ शिकवते ना तू?"

* * *

एक बाबू आमच्या दुकानात नेहमी येतात. जंगलखात्यात कारकून आहेत. त्यांच्याकडे एकच पाना, चौदा नंबरचा, आणि त्यांच्या स्कूटरच्या इंजिनाला बोल्ट तेरा नंबरचे. मधे जागा उरते म्हणून ते पान्यात एक नाणं घालून फिरवतात. नाणं सटकतं, कोपरे गोल होतात, मग पक्कड, मग माझं दुकान. तीन वेळा तेच झालं. तिन्ही वेळा मी तेरा नंबरचा पाना काढून काउंटरवर ठेवला आणि तिन्ही वेळा बाबूंनी तो उचलून, वजन बघून परत ठेवला. एका बोल्टासाठी पाना कोण घेतो, असं त्यांचं म्हणणं.

चौथ्या वेळी चेहरा खुललेला होता. मला वाटलं, सुचलं एकदाचं.

"ताई, पाना नोको," ते म्हणाले. "तुमी बोल्टच चौदाचा देऊन टाका ना."

* * *

दुसरा प्रयत्न माझ्या भावाच्या फवारणी पंपावर. भाऊ वरोऱ्याकडे कापूस लावतो. ऐन फवारणीत त्याचा पेट्रोलवरचा पंप बंद पडला. मी त्याला सांगितलं होतं की मिस्त्रीकडे ने. पण भावोजींचा मान राखायचा म्हणून त्याने तो आमच्या अंगणात आणून ठेवला.

त्या पंपाच्या इंजिनाचे बोल्ट करंगळीएवढे असतात. एक हलेना. गुरुजींनी परसातून जुन्या हातपंपाचा दांडा आणला, पान्याच्या शेपटात अडकवला आणि मला तरफेचा नियम समजावून सांगितला. अंतर वाढलं की बल वाढतं. नियम बरोबर होता. बल वाढलं, बोल्ट तुटला, गुरुजी मागच्या मागे तुळशीत जाऊन बसले.

मामाजी म्हणाले, "पोराच्या कुस्तीत पहेलवान उतरवला बाप्पा."

भावाने तो हंगाम पाठीवरच्या साध्या पंपाने काढला. आता तो आमच्याकडे जेवायला आला तर हात धुताना घड्याळसुद्धा काढून ठेवत नाही.

* * *

बदलून आलेले एक बँकेचे साहेब होते, पुण्याकडचे. मोटरसायकलच्या सायलेन्सरचा बोल्ट इंजिनात तुटला. मी म्हटलं, वेल्डिंगवाल्याकडे जा, तो तुकड्यावर नट चिकटवून हलकेच काढून देईल. साहेब हसले. त्यांनी सगळं व्हिडिओत बघितलं होतं. तुटलेल्या बोल्टात भोक पाडायचं, त्यात उलट्या आट्यांचं एक हत्यार फिरवायचं, तुकडा आपोआप बाहेर! हत्यार त्यांनी ऑनलाइन मागवलंही होतं.

हत्यार आत तुटलं. ते इतकं कडक असतं की त्याला भोक पडत नाही. हे व्हिडिओत शेवटी सांगतात, साहेबांनी शेवट बघितला नव्हता. त्यांनी भोक पाडायला घेतलं, तर ड्रिलचं टोकही आत मोडून राहिलं. इंजिनात बोल्ट, बोल्टात हत्यार, हत्यारावर ड्रिल.

साहेब दुकानात येऊन मला म्हणाले, "ताई, आता याच्या आत घालायला काय आहे?"

आतून मामाजी म्हणाले, "आता तुमचं बोट राह्यलं साहेब."

* * *

एकच बाई अशी आली की जिच्या हातात तुकडा नव्हता.

कमलाबाई तिचं नाव. अहेरीच्या पलीकडच्या गावात तिची डिझेल इंजिनावरची चक्की. राजुऱ्यात तिचा भाऊ राहतो, त्याच्याकडे उतरून दुकानात आली आणि एकोणीस नंबरचा रिंग पाना मागितला. मी सवयीने विचारलं, तुटलेला तुकडा कुठे आहे?

"तुटला नाई जी," ती म्हणाली. "माहा पाना सरकून राह्यला होता. हाताले पटलं नाई, म्हणून मी थांबली."

चक्की दोन दिवस बंद होती. गावाला पीठ नाही, तरी ही बाई थांबली आणि पान्यासाठी एवढ्या लांब आली. त्या मापाचा पाना नेमका माझ्याकडे संपलेला. मी तसं सांगितलं आणि मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला. मामाजी उठले होते. त्यांनी सदरा वर केला, करदोड्याची चावी लावून पेटी उघडली आणि आपला एकोणीसचा पाना फडक्यासकट तिच्या हातात ठेवला. काम झाल्यावर भावाजवळ पाठवून दे, म्हणाले. तिला चहासुद्धा पाजला.

गुरुजी शाळेतून आले ते नेमके तेव्हाच. पेटी उघडी, पाना परक्या बाईच्या पिशवीत.

"पेटी हिलेच देऊन टाकावं म्हणतो," मामाजी त्यांना म्हणाले. "तिच्या हाताले समजते."

मला हसू आलं होतं. पण गुरुजींचं तोंड बघितलं आणि मी हसले नाही. पन्नाशीला आलेला माणूस, शाळेत पोरं चळचळ कापतात, आणि इथे वडिलांच्या एका चावीसाठी उंबऱ्यात उभा. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाईट वाटलं. आठ दिवसांत पाना परत आला, नवीन तेलाच्या फडक्यात. गुरुजींनी तो हातात घेऊन बघितला आणि मुकाट्याने मामाजींना दिला.

* * *

शेजारच्या किराणावाल्याचा किस्सा छोटा आहे. त्याला जुनी स्कूटर मेव्हण्याला विकायची होती. इंजिनाच्या झाकणाच्या चार बोल्टांपैकी एकाचं डोकं त्यानेच मोडलं होतं. पठ्ठ्याने ते डोकं झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जागेवर बसवलं आणि वरून आम्हालाच सांगायला आला, "दिसाले तं चारही दिसते ना!"

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. मी त्याला मेव्हण्यावरून जे बोलायचं ते बोलून घेतलं. मग मामाजी काय म्हणतात म्हणून सगळ्यांनी आत बघितलं.

मामाजी चहा पीत होते. काहीच बोलले नाहीत. हल्ली त्यांना ऐकू कमी येतं.

* * *

या उन्हाळ्याच्या सुट्टीत गुरुजींनी पुन्हा मनावर घेतलं. मीच सुचवलं की करायचंच तर मामाजींच्या मोटरसायकलवर करा. मामाजी ती गाडी ड्युटीला न्यायचे. आता अंगणात ताडपत्रीखाली उभी असते. तिच्या इंजिनाला कधी गॅरेजवाल्याचा हात लागलेला नाही, हे मामाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगतात. झाकणाच्या खालच्या कोपऱ्यातून थोडं तेल पाझरायचं. त्यावर ते म्हणायचे, म्हातारं इंजिन आहे, घाम येणारच.

गुरुजींनी गाडी मागितली तर मामाजींनी ताडपत्रीचं टोक आणखी खाली ओढलं. मग म्हणाले, "दुसरं कोणतंबी घे. तिले काय झालं? चांगली आहे ते."

मला वाटलं, पोराच्या हाताची भीती. गुरुजींनाही तसंच वाटलं, आणि म्हणूनच त्यांनी हट्ट सोडला नाही.

यावेळी मात्र खरं सांगते, नाव ठेवायला जागा नव्हती. दोन दिवस सगळे बोल्ट डिझेल आणि ऑइलमधे भिजवले. योग्य मापाचे पाने माझ्याच काउंटरवरून नेले. जुना बनियन घालून जमिनीवर बसले. शाळेतला जाड पुठ्ठ्याचा तक्ता आणून त्यावर झाकणाचं चित्र काढलं, बोल्टांच्या जागी भोकं पाडली आणि निघालेला प्रत्येक बोल्ट आपापल्या भोकात उभा केला. एखादा कुरकुरला की थांबायचे, दोन थेंब ऑइल सोडायचे, वाट बघायचे. मामाजी बाजेवर बसून बघत होते. नऊ बोल्ट निघाले. सगळे अख्खे. मी दुकान वाऱ्यावर सोडून तिथेच उभी होते.

दहावा राहिला, खालच्या कोपऱ्यातला, तेल पाझरायचं तिथला. गुरुजींनी पाना बाजूला ठेवला आणि आधी फडक्याने बोल्ट पुसायला घेतला.

डोकं फडक्यात आलं.

पाना लागलाच नव्हता. गुरुजी पांढरे पडले. "मी फक्त हात लावला," ते म्हणाले, आणि या वीस वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा खरं होतं.

मी डोकं त्यांच्या हातातून घेतलं. खाली गळक्या नळाला लावतात ते लुकण, वाळून दगड झालेलं. वर चंदेरी रंग. सवयीने मी रंग नखाने खरवडला. आत तीन खोल खाचा होत्या, छन्नीच्या.

मी मामाजींकडे बघितलं. मामाजी पेरूच्या झाडाकडे बघत होते.

मग ते बाजेवरून उठले, सदरा वर केला आणि करदोड्याची गाठ सोडायला लागले. गाठ जुनी होती, वेळ लागला. चावी त्यांनी तक्त्यावर, दहाव्या भोकाशेजारी ठेवली.

"हा तू नाई तोडला," ते म्हणाले. "घे."

डोकं अजून माझ्याच हातात होतं. मी डब्यात टाकायला निघाले, तर त्यांनी हात पुढे केला, ते घेतलं आणि खिशात ठेवलं.