उघडून पाहिलेली प्रत

महिन्याच्या पहिल्या रविवारी सर शिनोलीला आमच्या घरी यायचे. त्या रविवारी आईने चहाचं आधण ठेवलं होतं, आणि सरांऐवजी त्यांच्या मुलाचा फोन आला. "बाबा पहाटे गेले…" याला आता तीनेक महिने होतील.

अवसरीला इंजिनीअरिंगला असताना सर मला शिकवायला होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. आज जो काही आहे, तो त्यांच्यामुळे. त्यांची बरीचशी नोकरी माहिती साठवण्याच्या अभ्यासात गेली. डिस्क बिघडली तरी तिच्यातलं काही हरवू नये, हा ध्यास. वर्गात म्हणायचे, "प्रत काढली म्हणून निर्धास्त राहू नका. उघडून पाहिली नाही, तर ती प्रतच नव्हे." पुढे ते कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळले. निवृत्तीनंतर डिंगोऱ्याच्या घरी एकटे राहत आणि गावोगाव फिरून लोकांचं बोलणं रेकॉर्ड करत. "यंत्राला पुस्तकातली मराठी कळते रे, तुझ्या आईची कळत नाही." मग आईला समोर बसवून तासन्‌तास बोलतं करत. आई म्हणायची, "सर, त्या मशीनला शेती करायचीय का काय? लई इचारतंय."

दोन्ही प्रती एका छपराखाली नकोत, म्हणून मूळ रेकॉर्डिंगची एक डिस्क त्यांनी आमच्याकडे ठेवली होती. फडक्यात गुंडाळून, तांदळाच्या डब्यामागे. ती तपासायला ते एसटीने येत. काम थोड्या वेळाचं, पण सर संध्याकाळच्या गाडीपर्यंत थांबत. एकदा मी म्हटलं, "सर, मीच तपासून फोन करत जातो. कशाला दगदग?" ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "येऊ दे रे मला," एवढंच म्हणाले.

दशक्रियेच्या दिवशी मुलाने मला बाजूला घेतलं. सामान आवरताना डिंगोऱ्याच्या घरातली डिस्क त्याच्या हातून पडून बिघडली होती. "यंत्रासाठी साफ केलेल्या फायली आहेत, पण त्यातून बाबांनी स्वतःचे प्रश्न कापून टाकलेत. त्यांचा आवाज कुठंच नाही. तुमच्याकडे…?"

"बघतो," म्हणालो. पण डिस्क काढायचं धाडस होईना. उघडली नाही तर?

पुढचा पहिला रविवार आला तेव्हा मात्र बसलो. डिस्क घरघरली, मग फायली दिसल्या. एक लावली.

"मावशी, भात लावण्याला तुमच्याकडे काय म्हणतात?"

"आवणी," आई आतून म्हणाली. "सांगितलं व्हतं की सर मागं…" आणि ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. तोवर रेकॉर्डिंगमधला तिचाच आवाज सरांना उत्तर देत होता.

मुलाला प्रत पाठवली. डिस्क पुन्हा डब्यामागे आहे. पहिल्या रविवारी मी ती उघडून पाहतो. काम लगेच होतं. मग संध्याकाळची गाडी जाईपर्यंत तसाच बसून राहतो.