भैय्याजींच्या नावाचा श्वास

बुद्धविहाराच्या अंगणात सकाळी सतरंजी पसरून गोपिका मेश्राम बायांना श्वास शिकवायची. हातात तुरपाईचं काही ना काही कापड असायचं. दोन टाक्यांत श्वास आत, चार टाक्यांत बाहेर. तिच्या सुईकडे बघता बघता धास्तावलेल्या बायांच्या छातीतली धडधड कमी व्हायची. इंदोरा मोहल्ल्यातल्या कितीतरी घरांत तिच्या या सुईची कीर्ती होती. एक गोष्ट मात्र कुणालाच ठाऊक नव्हती. त्या शांत श्वासाबरोबर गोपिका रोज एका माणसाचा सूड घोकत होती.

तो माणूस म्हणजे कृष्णकांत. सगळे त्यांना भैय्याजी म्हणत. पाचपावलीतल्या मुलींच्या एका खाजगी शाळेत ते कारकून होते आणि गोपिका तिथंच शिवण शिकवायची. सदुसष्ट सालच्या थंडीत तिची तीन वर्षांची लेक घटसर्पानं गेली. चौदाव्या दिवशी गोपिका कामावर परतली. मुलींना काज शिवून दाखवताना अचानक तिचा श्वास अडला. हात बधिर झाले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती मशीनचा पाय घट्ट धरून टेबलाखाली बसून राहिली.

मुख्याध्यापिका त्या दिवशी रजेवर होत्या, म्हणून शाळेत भैय्याजींचा शब्द चालत होता. त्यांनी तिच्या तोंडावर पाणी मारलं नाही. मिलमध्ये असलेल्या तिच्या नवऱ्याला, देवाजीला, निरोपही धाडला नाही. त्यांनी टांगा बोलावला आणि शिपायाला सांगून तिला मागच्या सीटवर बसवलं, पाय खाली सोडून, तोंड रस्त्याकडे करून. मग फाटकापाशी जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात टांगेवाल्याला म्हणाले, "पागलखान्यात ने, गा."

टांगा इंदोऱ्यातून, तिच्या घरावरूनच गेला. सासू तुळसाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती, तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी गोपिकेला चहा पाजला, अर्धा तास बोलतं केलं आणि हिला काही झालेलं नाही, लेक गेली आहे, रडू द्या, असं सांगून परत पाठवलं. ती पायी परतली. परतताना तिला कुणी पाहिलं नाही. जाताना मात्र सगळ्यांनी पाहिलं होतं. आठ दिवसांत तिच्या टेबलावर भैय्याजींची मेहुणी शिवण शिकवायला बसली, आणि मोहल्ल्यात गोपिकेला नवं नाव पडलं. टांगावाली.

त्यानंतर घोड्याच्या टापा कानावर आल्या, तरी तिचा श्वास अडे. नळावर अडे, बाजारात अडे. शेवटी देवाजी तिला दादाजींकडे घेऊन गेला. दादाजी रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यावर ते विहारात चार सोपी आसनं आणि आनापान, म्हणजे येत्याजात्या श्वासावर लक्ष ठेवणं, शिकवत. गोपिकेचं लक्ष काही केल्या नाकाच्या शेंड्यावर टिकेना. तेव्हा दादाजी म्हणाले, "ज्याचं नाव तुह्या मनात सारखं राहते, तेच घेत जाय. श्वास येतानी बी अन् जातानी बी."

त्यांना बुद्धाचं नाव अभिप्रेत होतं. गोपिकेनं भैय्याजींचं घेतलं.

श्वास आत घेताना ती म्हणायची, भैय्याजी. सोडताना म्हणायची, तुले त्याच टांग्यात, त्याच रस्त्यानं बसवून आणीन. सोडतानाचं वाक्य मोठं, म्हणून श्वासही लांब सुटायचा. घरी लोकांचं शिवणकाम करताना ती तेच टाक्यांवर मोजू लागली. चार महिन्यांत नळावरचं अडणं थांबलं. एकदा घरावरून टांगा गेला. छातीत कळ उठली, ती मोजत राहिली आणि सहा-सात श्वासांत कळ ओसरली.

तिनं दादाजींना खरं काय ते सांगून टाकलं.

"श्वास लांब झाला ना वं? मंग राहू दे," दादाजी म्हणाले. "पण रोज सकाळी पहिले त्याचंच तोंड पाहून राहिली तू, हे ध्यानात ठेव."

"पाहू द्या, दादाजी," गोपिका म्हणाली. "भेटला तर ओळखू आला पायजे."

दादाजी वारल्यावर त्यांच्या जागी ती बसू लागली. शिकवताना ती फार जपायची. श्वास कुणाला कोंडू द्यायची नाही. चक्कर आली की थांबायला लावायची. डॉक्टरांची गोळी कुणी परस्पर बंद केली, तर त्या बाईला वर्गातून उठवायची. एवढी सांभाळून वागणारी बाई, आणि पोटात तो एक निखारा तेरा वर्षं तसाच.

ऐंशी साली, दिवाळीनंतर, सुमती नावाची एक तरुण सून वर्ग सुटल्यावर थांबली. तिची सासू वारली होती. तेव्हापासून सासऱ्यांना झोप नव्हती, छाती धडधडायची, एकटं बसायची भीती वाटायची. कार्डिओग्राम चांगला आला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि श्वासाचा अभ्यास करायला सांगितलं होतं. गोपिकेनं नाव विचारलं.

"कृष्णकांत. पण सगळे भैय्याजीच म्हणतात. पाचपावलीच्या शाळेत होते."

सुई कापडात अर्धी शिरली होती, तिथंच थांबली. गोपिकेनं एक श्वास घेतला आणि सावकाश सोडला.

"आण त्याहिले," ती म्हणाली. "पण टांग्यानं. त्याच शाळेच्या फाटकापासून. मागच्या सीटवर, पाय सोडून. रिक्षानं आणशील तर वापस पाठवीन."

टांग्याच्या हिसक्यांनी छाती मोकळी होत असेल, अशी समजूत करून घेऊन सुमती घरी गेली. भैय्याजींना मात्र पहिल्या वाक्यातच सगळं कळलं. ते पाच दिवस आले नाहीत. पाचही दिवस गोपिका शिकवत होती आणि कान रस्त्याकडे लावून होती. न आला तर? तर हे घोकणं जन्मभराचं फुकट जाणार होतं.

सहाव्या दिवशी सकाळी टापा वाजल्या. शाळेत निघालेल्या पोरी, भाजीवाल्या, ओट्यांवर चहा घेत बसलेले लोक, सगळे बघत होते. एकानं विचारलंसुद्धा, भैय्याजी, सकाळी सकाळी टांग्यात कुठं? टांगा विहारापाशी थांबला. भैय्याजी छातीवर हात दाबून बसले होते, ओठ कोरडे पडले होते, श्वास वरच्या वर चालला होता. तो चेहरा गोपिकेच्या ओळखीचा होता. तो एकदा तिचाच होता.

ती उठली नाही. हातात परकर होता. त्याचा उरलेला घेर ती तुरपत राहिली. सुमती सासऱ्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. शेवटी वर्गातल्या कांताबाईला राहवेना. म्हातारा घाबरला आहे, उतरवू का, असं तिनं विचारलं.

"बसू दे," गोपिका म्हणाली. "मी बी बसली होती."

वर्गातल्या जुन्या बायांनी माना खाली घातल्या. टांगावाली हे नाव त्यांच्याही तोंडात बसलेलं होतं.

घेर पुरा झाला. धागा दातानं तोडून गोपिका टांग्यापाशी गेली.

"बाई," भैय्याजी म्हणाले, "मले ओळखलं काय?"

"रोज ओळखते. सकाळी पहिले तुमचंच नाव घेते."

"आता तरी झालं काय समाधान?"

"नाही. उतरा."

त्यांना मांडी घालता येत नव्हती, म्हणून तिनं त्यांना भिंतीला टेकवून बसवलं, एक हात पोटावर ठेवायला लावला. भरभर श्वास घ्यायला लावून त्यांना आणखी घाबरवणं तिला सहज जमलं असतं. पण दादाजींची विद्या तिला विटाळायची नव्हती. शिवाय तिला भैय्याजी शुद्धीवर आणि पूर्ण शहाणे हवे होते. तिनं अगदी मन लावून शिकवलं. दोन मोजेपर्यंत आत, चार मोजेपर्यंत बाहेर. ते म्हणाले, मन टिकत नाही, बाई.

"मंग नाव घ्या. श्वास घेतानी म्हणा, गोपिका मेश्राम. सोडतानी म्हणा, पागल नव्हती, मी तिले टांग्यात बसवलं. आज मोठ्यानं म्हणा. उद्यापासून मनात."

सुमती एकदा सासऱ्यांकडे आणि एकदा गोपिकेकडे बघत राहिली. भैय्याजींनी डोळे मिटले आणि म्हटलं. पहिल्यांदा शब्द तुटले. दुसऱ्यांदा आवाज थोडा फुटला. दहाव्या वेळेपर्यंत छातीवरचा हात आपोआप मांडीवर आला होता.

ते महिनाभर आले, टांग्यानंच. मग घरी करू लागले. संक्रांतीला सुमती तिळगूळ घेऊन आली. मामंजींना आता झोप लागत होती, जेवणही नीट जात होतं. मग जरा संकोचून ती म्हणाली, "पण बाई, उठल्याबरोबर तुमचंच नाव घेत राहतात. आता बरे झाले, तर सोडलं तरी चालन काय?"

गोपिका सुईत दोरा ओवत होती.

"सोडू नका म्हणा," ती म्हणाली. "सोडलं का झोप जाईन."

हे काही खरं नव्हतं. श्वास लांब सुटला की झालं, नाव कुणाचंही चाललं असतं. पण ते तिनं भैय्याजींना कधीच कळू दिलं नाही.